लांबच्या शिडाच्या सफरीचा पहिला टप्पा: दोघा-चौघांच्या नौकेसाठी

निघाल्यापासून तिसरी रात्र उलटेपर्यंतचा काळ हा लांबच्या सफरीतला सगळ्यात कच्चा काळ. झोप लागत नाही, पोट ठिकाणावर नसतं, नौकेचे आवाज ओळखीचे झालेले नसतात, आणि बंदरात महिनोन्‌महिने स्वस्थ पडून असलेली प्रत्येक वस्तू पहिल्यांदाच खऱ्या लाटांवर हलत असते. चौथ्या दिवशी तीच माणसं वेगळी वाटतात. भूक लागते, पहारा संपला की पाठ टेकताच डोळा लागतो, आणि रात्री एखादा दोर कुरकुरला तर तो कुठला हे अंधारातही कळतं. म्हणून पहिल्या टप्प्याची सगळी आखणी मी एकाच प्रश्नाभोवती करतो: दमलेल्या, मळमळणाऱ्या, अर्धवट झोपेतल्या माणसाला हे काम जमेल का? जमणार नसेल तर ते बंदरातच उरकायचं, नाहीतर सोपं करून ठेवायचं.

हा लेख दोन ते चार माणसांच्या, साधारण दहा ते चौदा मीटर लांबीच्या नौकेसाठी आहे. किनाऱ्याकाठी शिडाची नौका चालवता येते, रीफ घेता येतो (म्हणजे जोराच्या वाऱ्यात शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करता येतं), सागरी नकाशा वाचता येतो, एवढं गृहीत धरलं आहे.

टप्पा किती लांबीचा असावा

पाच नॉटच्या (ताशी पाच सागरी मैलांच्या) सरासरीने चोवीस तासांत १२० सागरी मैल होतात. तुमची नौका सहा-सात नॉट सहज करत असेल, पण सुरुवातीच्या दिवसांत शिडं मुद्दाम कमी ठेवायची असतात, त्यामुळे हिशेब पाचाचाच करा. ३५० ते ५०० मैल, म्हणजे तीन-चार दिवस, ही पहिल्या टप्प्याची मला पटलेली लांबी. एकाच रात्रीच्या टप्प्यात शरीराला समुद्राची लय सापडत नाही; दमून पोचायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून मळमळायचं. उलट पहिलाच टप्पा तीन आठवड्यांचा ठेवला, तर चौथ्या दिवशी सापडलेला बिघाड पुढचे सतरा दिवस उराशी घेऊन फिरावं लागतं.

काही किनारे असे असतात की निघालं की पुढचं बंदर थेट हजार मैलांवर. अशा ठिकाणी तीन दिवसांचा फेरा मारून त्याच बंदरात परत या, दुरुस्त्या करा आणि मग निघा. यात कमीपणा काही नाही. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. ‘स्प्रे’ घेऊन तो २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघाला, पण अटलांटिक ओलांडण्यासाठी नोव्हा स्कोशियातलं यारमाउथ त्याने सोडलं ते २ जुलैला. मधले जवळजवळ दहा आठवडे तो ग्लॉस्टर, वेस्टपोर्ट, यारमाउथ अशा बंदरांत थांबत, नौका ठाकठीक करत होता. उभं आयुष्य समुद्रावर काढलेल्या कप्तानाला एवढा वेळ घ्यावासा वाटला, तर आपण चार दिवस जास्त घेतले म्हणून काही बिघडत नाही.

मार्ग आखताना दर दिवसाच्या अंतरावर एक माघारीचं बंदर नक्की करून ठेवा. नकाशावर ते जवळ आहे एवढं पुरत नाही. वारा किनाऱ्याकडे जोरात वाहत असताना, रात्री, दमलेल्या माणसांना तिथे शिरता येईल का, हे बघायचं. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असलेली बंदरं नेमकी आपल्याला हवी असतात त्याच हवेत बंद होतात, कारण उथळ पाण्यावर लाटा फुटतात. असं बंदर यादीतून काढून टाका. त्या परिस्थितीत किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहणं जास्त सुरक्षित असतं.

आणि तारखा. अमक्या दिवशी पोचायचंच, कारण तिथून कुणाचं तरी विमान आहे, ही नौकेवरची सगळ्यात घातक गोष्ट. पाहुण्यांना ठिकाण सांगा किंवा तारीख सांगा, दोन्ही सांगू नका.

नौका: बंदरात न दिसणारे दोष

पहिल्या टप्प्यात बहुतेक तेच बिघडतं जे शांत पाण्यात ठणठणीत दिसत होतं. पहिला नंबर डिझेलच्या टाकीचा. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो, पाणी साचतं, त्यात सूक्ष्मजीव वाढतात. नौका धक्क्याला असते तोवर हे सगळं तळाशी निवांत असतं. पहिल्या मोठ्या लाटांनी ते ढवळून निघतं आणि सरळ फिल्टरमध्ये जातं.

माझ्या एका टप्प्यात दुसऱ्या रात्री वारा पडला म्हणून इंजिन लावलं. वीस मिनिटांत आवाज खालीवर व्हायला लागला आणि इंजिन बंद पडलं. टॉर्च मारून पाहिलं तर फिल्टरच्या पारदर्शक वाटीत शेवाळासारखा काळा चिखल. बंदरात दहा मिनिटांचं काम. त्या रात्री इंजिनाच्या खणात डोकं खाली घालून, डिझेलच्या वासात, पान्हा एका हाताने आणि स्वतःला दुसऱ्या हाताने धरून, दीड तास लागला. मध्ये दोनदा वर येऊन ओकावं लागलं. तेव्हापासून निघण्याआधी टाकी उघडून साफ करून घेतो, निदान सहा फिल्टर सोबत ठेवतो, आणि फिल्टर बदलून इंधनाच्या नळीतली हवा काढायचं काम नौकेवरच्या प्रत्येकाकडून एकदा करून घेतो. त्याला लागणारे पान्हे, चिंध्या आणि एक रिकामा डबा एका वेगळ्या पिशवीत, इंजिनाच्या शेजारीच टांगलेले असतात. कूलिंगच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलरही त्याच पिशवीत, दोन नग.

दुसरी जागा नाळेवरची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची. नांगराची साखळी ज्या भोकातून खाली साखळीच्या खणात उतरते, ते भोक भर समुद्रात उघडं राहिलं तर प्रत्येक लाटेबरोबर थोडं थोडं पाणी आत जातं. थोडं म्हणता म्हणता सकाळी पुढच्या केबिनच्या गाद्या भिजलेल्या असतात आणि बिल्ज पंप (नौकेच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) रात्रभर चालून बॅटरी उतरलेली. बंदराबाहेर पडलं की नांगर पक्का बांधा, शक्य असेल तर साखळी सोडवून आत घ्या, आणि भोक कापडाचा बोळा व चिकणमातीसारख्या लगद्याने गच्च बंद करा. डेकवरच्या झाकणांवर पाण्याचा पाइप जोरात मारून गळती आधीच शोधून ठेवा.

डोलकाठीवर स्वतः चढा किंवा कुणाला तरी चढवा. प्रत्येक शॅकलची (जोडकडीची) पिन तारेने बांधलेली आहे का, प्रत्येक स्प्लिट पिनची टोकं वळवलेली आहेत का, तारांच्या मुळाशी एखादा तंतू तुटून वर आलाय का हे बोटांनी चाचपून पाहा. कापूस किंवा पातळ कापड तारेवरून फिरवलं तर तुटका तंतू लगेच अडकतो.

नौकेच्या तळाला असलेल्या प्रत्येक भोकाचा व्हॉल्व्ह उघडबंद करून पाहा आणि त्याच्या मापाची निमुळती लाकडी गुडदी त्याच व्हॉल्व्हला दोरीने बांधून ठेवा. पाणी आत यायला लागल्यावर गुडद्यांचा डबा शोधत बसायला वेळ नसतो.

बॅटरी, सौर पॅनेल, दिवे यांची तपासणी तुम्ही कराल हे धरून चालतो. एकच सांगतो: निघण्याच्या आधीच्या आठवड्यात नौकेवर नवीन काहीही बसवू नका. नवं ऑटोपायलट, नवा वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र), नवं शीड, काहीही असो, त्याने आधी एक चाचणी-फेरी केलेली असली पाहिजे. ही फेरी पूर्ण चोवीस तासांची हवी, मधे एक रात्र हवी, आणि जमल्यास पंधरा-वीस नॉटचा वारा हवा. परत आल्यावर तुमच्या हातात किमान वीस गोष्टींची यादी असेल. ती यादीच या फेरीची कमाई.

सामान लावणं आणि झोपण्याच्या जागा

सामान लावून झालं की केबिनमध्ये उभं राहा आणि नौका एका बाजूला तीस अंश कलली आहे अशी कल्पना करा. मग उलट्या बाजूला. काय उडेल, काय घरंगळेल, कुठलं दार उघडेल? जड वस्तू खाली आणि मध्यभागी. पाणी एकाच टाकीत ठेवू नका. टाकी फुटली किंवा खारं पाणी मिसळलं तर सगळंच गेलं. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरा, टप्पा ठरल्यापेक्षा दीडपट लांबेल असं समजून गुणाकार करा, आणि त्यातला काही भाग सुट्या कॅनमध्ये ठेवा.

झोपण्याच्या जागांकडे मात्र लोक लक्ष देत नाहीत आणि तिथेच फसतात. नाळेकडची प्रशस्त केबिन बंदरात राजेशाही असते; समुद्रावर तिथे माणूस गादीवरून अक्षरशः उचलून आपटला जातो. चालत्या नौकेत झोपायची जागा मध्यभागी, खाली, आणि अरुंद असावी. कडेला वर बांधायचा मजबूत कापडी आडोसा हवा, म्हणजे नौका कुठल्याही बाजूला कलली तरी माणूस खाली पडणार नाही. तो आडोसा बांधून, त्यात सगळं वजन टाकून, बंदरातच एकदा झोपून पाहा. चार माणसांना अशा दोन जागा पुरतात, कारण दोघं तरी नेहमी जागे किंवा कामात असतात. ज्याची झोप संपली त्याने आपलं पांघरूण उचलायचं, येणाऱ्याने आपलं घालायचं.

माणसं: निघण्याआधी बोलून घ्यायच्या गोष्टी

छोट्या नौकेवर कप्तान एकच असतो, आणि तो कोण हे नवरा-बायकोच्या जोडीतही मोठ्याने बोलून ठरवायला हवं. तो पडला तर पुढे कोण, हेही. पण दोन अधिकार सगळ्यांना सारखे असावेत. एक, कुणालाही शीड कमी करावंसं वाटलं तर ते कमी करायचं. वाद नंतर, उजेडात घालायचा. दोन, पहाऱ्यावरच्या माणसाला शंका आली की त्याने कप्तानाला उठवायचं, आणि कप्तानाने त्याबद्दल कधीही, चेहऱ्यानेसुद्धा, नाराजी दाखवायची नाही. पहिल्याच रात्री एकदा “एवढ्यासाठी उठवलंस?” असं तोंडातून गेलं, की पुढच्या खेपेला खरंच गरज असताना कुणी उठवत नाही.

भीतीबद्दलही बोला. कोण कशाला घाबरतं, कुणाला पूर्वी बोट लागली आहे, कुणाची कुठली औषधं चालू आहेत. संकोचाने लपवलेली गोष्ट दुसऱ्या रात्री बाहेर येतेच, आणि तेव्हा ती सांगायची कुणाला ताकद नसते.

किनाऱ्यावरच्या एका विश्वासू माणसाकडे मार्ग, नौकेचं वर्णन, सोबत्यांची नावं आणि पोचण्याचा अंदाज लिहून द्या. कळवायला किती उशीर झाला की बचावयंत्रणेला फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहा. अंदाजात भरपूर सैल ठेवा. वारा पडला की चार दिवसांचे सहा सहज होतात. ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहांना हाक देणारा ईपीआयआरबी, म्हणजे संकटसूचक यंत्र, नौकेच्या नावावर नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदणीत याच माणसाचा नंबर असावा. संदेश आला की बचावयंत्रणा आधी त्यालाच फोन करते.

हवामान: पहिले ४८ तास

अंदाज पहिल्या दोन दिवसांसाठी बऱ्यापैकी भरवशाचा असतो, पाचव्या दिवसानंतर तो फक्त कल सांगतो. म्हणून पहिले ४८ तास सौम्य जातील अशी संधी निवडा, आणि ती येईपर्यंत थांबा. सौम्य म्हणजे माझ्या मते दहा ते पंधरा नॉट, बाजूने किंवा मागून. वाऱ्याच्या तोंडावर पहिला दिवस कधीही काढू नका. त्या दिशेने तोच वारा दुप्पट वाटतो आणि माणसं आडवी होतात.

दोन हिशेब लक्षात ठेवा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे दहाचे वीस नॉट झाले तर शिडावरचा जोर चौपट होतो. आणि अंदाजातला आकडा सरासरीचा असतो. झोत त्याच्या ४० टक्के वर जाऊ शकतात, तर एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट येऊ शकते. अंदाजात वीस नॉट दिसले की तयारी अठ्ठावीसची करायची.

वाऱ्याइतकंच लक्ष लाटांवर द्या. वादळ सरून गेल्यावर वारा पडतो, पण जुन्या लाटा एक-दोन दिवस राहतात. शीड धरून ठेवायला वारा नाही आणि नौका मात्र दोन्ही बाजूंना झुलतेय, यासारखी पोट ढवळणारी अवस्था दुसरी नाही. भरतीचा किंवा सागरी प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. बंदराच्या तोंडाशी हे हमखास घडतं. निघण्याची वेळ त्यावरून ठरवा.

निघण्याचा दिवस

आदल्या दिवशी दुपारनंतर काम बंद. यादीत राहिलेल्या गोष्टी राहू द्या. बरेच लोक रात्री दोनपर्यंत जागून शेवटचं काहीतरी दुरुस्त करतात आणि सकाळी निघतात, म्हणजे पहिल्या रात्रीच्या झोपेचं कर्ज घेऊनच समुद्रात उतरतात. कप्तान तर हटकून. संध्याकाळी पुढच्या दोन दिवसांचं जेवण शिजवून, एकेका वेळेचं वेगळं बांधून ठेवा. नुसतं गरम करून भांड्यातूनच खाता येईल असं. मसालेदार, तेलकट टाळा. पहाऱ्यावरच्या माणसाच्या हाताशी सुकी बिस्किटं आणि पाण्याची बाटली असू द्या.

निघायचं सकाळी, पोटभर झोप झाल्यावर. बंदर सोडण्याआधी वीस मिनिटं सगळ्यांनी एकत्र नौकेतून फिरायचं: लाइफजॅकेट कुणाचं कुठलं, अग्निशामक कुठे, गॅसचा व्हॉल्व्ह कुठे, लाइफराफ्ट कसा सुटतो, ईपीआयआरबी कसा चालू करायचा. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर संकटाचा संदेश कसा द्यायचा, ते नौकेच्या नावासकट मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवा. मुख्य शिडाचा पहिला रीफ धक्क्यावरच घेऊन ठेवा. सोडणं सोपं असतं. मळमळताना घेणं अवघड.

आणि पहारे बंदराचं तोंड ओलांडल्या क्षणापासून सुरू करा. उत्साहात सगळे दिवसभर कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत) बसतात, फोटो काढतात, किनारा दिसेनासा होईपर्यंत बघत राहतात, आणि अंधार पडल्यावर सगळे एकदम दमलेले असतात. सकाळी आठला निघालात तर आठलाच निम्मी मंडळी खाली गेली पाहिजेत. झोप येणार नाही. डोळे मिटून आडवं राहिलं तरी पुरे.

बोट लागणं

याला लाजण्यासारखं काही नाही, जुन्याजाणत्यांनाही लागते. डोळे सांगतात केबिन स्थिर आहे, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं सगळं हलतंय. मेंदूला मेळ बसेना की मळमळ सुरू होते. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. तोवर तग धरायचा.

औषध आधी घ्यायचं. सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलमिनची पट्टी हे नेहमीचे पर्याय. पट्टी लाटांत जाण्याच्या किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस काम करते, म्हणजे आपल्याला हव्या तेवढ्याच काळासाठी. यातल्या बऱ्याच औषधांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना पट्टी चालत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून, जमिनीवर एकदा घेऊन पाहा.

बाकी उपाय साधे आहेत, पण ते वेळेवर करावे लागतात. पहिली जांभई, गार घाम, गप्प होणं ही सुरुवातीची खूण. तेव्हाच त्या माणसाला वर बोलवा, सुकाणू हातात द्या, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. नाहीतर सरळ खाली जाऊन डोळे मिटून आडवं व्हावं. मधली अवस्था, म्हणजे खाली बसून फोन बघणं किंवा नकाशात डोकं घालणं, सगळ्यात वाईट. अंग गार पडू देऊ नका. ओकारी झाली तर घोट घोट पाणी, जमल्यास मीठ-साखरेचं, सतत देत राहा. ओकायला कठड्यावरून वाकू द्यायचं नाही, बादली द्यायची. चोवीस तास पाणीही टिकत नसेल, माणूस गुंगीत जात असेल, लघवी बंद झाली असेल, तर माघारीच्या बंदराकडे वळा. तेवढ्यासाठीच ते नकाशावर काढून ठेवलेलं असतं.

पहारे

दोघंच असाल तर रात्री तीन तास पहारा, तीन तास झोप. तिघं असाल तर तीन तास पहारा आणि सहा तास सुटी. चौघांत दोन तास आणि सहा तास. एवढी चैन असेल तर कप्तानाला पहाऱ्यातून वगळून केव्हाही उठायला मोकळं ठेवता येतं. दिवसा वेळा सैल ठेवल्या तरी चालतात, रात्री मिनिटाचाही उशीर करायचा नाही. दोघांच्या नौकेवर ऑटोपायलट किंवा विंडवेन (वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू धरणारं साधन) हाच तिसरा खलाशी. तो बंद पडला तर दोघांनी हाताने सुकाणू धरून अहोरात्र जाण्याचा हट्ट करू नका; नौका हीव्ह-टू करून दोघंही आळीपाळीने झोपा.

हीव्ह-टू बंदराबाहेर आधीच करून पाहिलेलं असावं. पुढचं शीड नेहमीच्या उलट, वारा येतो त्या बाजूला ताणायचं, मुख्य शीड रीफ केलेलं, आणि नाळ वाऱ्याकडे वळेल अशा बेताने सुकाणू बांधायचं. एक शीड नौकेला वळवू बघतं, दुसरं अडवतं, आणि नौका जवळपास जागच्या जागी हळूहळू सरकत राहते. पहिल्यांदा जमलं की अंगावरून कुणीतरी ओझं उतरवावं तशी शांतता पसरते. स्वयंपाक, दुरुस्ती, झोप, सगळं होतं.

पहाऱ्याचं मुख्य काम बघणं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनाने सतत लक्ष ठेवलं पाहिजे. कॉकपिटमध्ये डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील तर क्षितिज जेमतेम तीन मैलांवर असतं. मोठं जहाज उंच असल्याने त्याआधी दिसतं, पण धूसर हवेत पाच मैलांवर दिसलं तर वीस नॉटने येणारं जहाज आणि पाच नॉटने जाणारे तुम्ही, बारा मिनिटांत एकमेकांपाशी असता. पुस्तक, फोन, डुलकी, काहीही असो, दर दहा मिनिटांनी उभं राहून पूर्ण वर्तुळात नजर फिरवायची. शिडाच्या मागे लपलेला कोपरा वाकून बघायचा.

दिवा दिसला की होकायंत्राने त्याची दिशा मोजा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. दिशा बदलत नसेल आणि दिवा मोठा होत असेल तर टक्कर होणार आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले आणि वरचे दोन पांढरे दिवे एकावर एक आले, तर जहाज सरळ तुमच्यावर येतंय. एआयएसवर (आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) त्याचं नाव वाचून चॅनल १६ वर नावानेच हाक मारा. इंजिनच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यायची हा नियम खरा, पण तुम्ही दिसलेले आहात असं धरून बसू नका, आणि एआयएस नसलेल्या मासेमारी होड्याही पुष्कळ असतात.

दर तासाला वहीत जागा, वेग, दिशा, वारा, बॅरोमीटर आणि बिल्जमधलं पाणी लिहा. वीज गेली तर शेवटची जागा कागदावर असते, आणि बॅरोमीटर तीन तासांत किती उतरला ते वही बघितल्याशिवाय कळत नाही.

अंधार पडण्याआधी

सूर्य मावळायच्या तासभर आधी डेकवर एक फेरी मारा. दोर कुठे घासतोय, शीड कुठे तारेला टेकतंय, कुठली गाठ सैल झालीय. एकाच जागी घासणारा शिडाचा दोर रात्रभरात बाहेरचं वेष्टण सोलून काढतो. दर पहाऱ्याला तो वीतभर सैल किंवा ताठ केला तर घासण्याची जागा बदलते. मग रात्रीसाठी एक रीफ जास्त घ्या, वारा असो वा नसो.

माणूस पाण्यात पडणं हा छोट्या नौकेवरचा सगळ्यात मोठा धोका. दोघांच्या नौकेवर तर मागे राहिलेल्या एकट्याला शिडं उतरवायची, नौका वळवायची, डोकं नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि भिजलेलं शरीर वर ओढायचं, हे सगळं करायचं असतं. म्हणून नियम एकच: पडायचंच नाही. रात्री, एकटं असताना, आणि रीफ घेतलेला असताना दिवसाही, पायरी चढून बाहेर येण्याआधीच हार्नेसचा पट्टा अडकवायचा. दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट सोडून नाळेकडे जायचं नाही. कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही, अपवाद कुणालाच नाही. पट्टा अडकवायची जॅकलाइन, म्हणजे डेकवर ताणून बांधलेली दोरी, डेकच्या मध्याजवळून न्या, म्हणजे घसरलं तरी माणूस कठड्याच्या आतच राहतो.

तरीही कुणी पडलाच तर: ओरडा, जीपीएसवरचं एमओबी (माणूस पाण्यात पडला, ही जागा नोंदवणारं) बटण दाबा, तरंगणारं जे हाताशी असेल ते फेका, ताबडतोब नौका वाऱ्याकडे वळवून थांबवा. माणसं जास्त असतील तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. वर घेण्यासाठी शीड चढवायचा दोर आणि विंच (दोर ओढायचं हातचक्र) वापरा. हाताने ओढून भिजलेला माणूस वर येत नाही. हे सगळं शांत दिवशी, नौकेवरच्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाकडून एकदा करवून घ्या.

किनारा दिसल्यावर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी किनारा दिसतो, फोनला रेंज येते, आणि सगळ्यांना कधी एकदा नांगर टाकतो असं होतं. माझ्या अनुभवात चुका इथेच सर्वांत जास्त होतात. अनोळखी बंदरात रात्री शिरू नका. शहराच्या दिव्यांत बंदराचे दिवे हरवतात, आणि दमलेला मेंदू त्याला जे बघायचंय तेच बघतो. हिरवा दिवा एखाद्या दुकानाचा निघतो. पहाटे पोचाल असा वेग दोन दिवस आधीपासून ठेवा, आणि लवकर पोचलात तर दहा मैल बाहेर हीव्ह-टू करून थांबा. आत जाण्याआधी इंजिन अर्धा तास आधी चालू करून बघा, नांगर मोकळा करा, साखळीच्या भोकातला बोळा काढा. तो काढायला विसरलं की नेमक्या वेळी साखळी अडकते.

नांगर पडला, धरला, किनाऱ्यावरच्या माणसाला कळवलं, की झोपण्याआधी अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसा. वही आणि पेन्सिल. काय तुटलं, काय गळलं, काय सापडलं नाही, कुठला पहारा जड गेला, कुणाला कधी भीती वाटली. दोन झोपांनंतर यातलं निम्मं आठवत नाही. पुढचा टप्पा कधी, हे त्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर काट मारल्यावर ठरवा.